‘चंद्रासाठी बनवलेलं घड्याळ’ चंद्रासाठी बनवलेलंच नव्हतं

ओमेगा कंपनीच्या स्पीडमास्टर या घड्याळाबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा ग्रुपांवर येतो. नासाने चांद्रमोहिमेसाठी हे घड्याळ खास बनवून घेतलं. नासाच्या माणसांनी ह्यूस्टनच्या एका दुकानातून गुपचूप घड्याळं विकत घेऊन त्यातून याची निवड केली. वजनरहित अवस्थेत ऑटोमॅटिक घड्याळ चालत नाही म्हणून किल्लीचं घेतलं. अपोलो 13 मधले तिघं या घड्याळामुळे वाचले. आणि चंद्रावर उतरलेलं पहिलं घड्याळ आर्मस्ट्राँगच्या मनगटावर होतं. सांगणारे प्रेमाने सांगतात, पण यातलं बरंचसं चूक आहे. मला राहवत नाही ते याचसाठी की खरी हकीकत याहून कितीतरी सरस आहे.

मुळात पहिली दोन विधानंच एकमेकांना छेद देतात. खास बनवून घेतलं असेल, तर दुकानात कशाला जायचं?

स्पीडमास्टर बाजारात आलं 1957 मध्ये. नासाची स्थापना 1958 ची. म्हणजे ज्या संस्थेने हे बनवून घेतलं असं आपण म्हणतो, ती तेव्हा जन्मालाच आली नव्हती. हे घड्याळ होतं मोटारींच्या शर्यतीसाठी. तबकडीभोवतीच्या कड्यावर जे आकडे दिसतात ते वेग मोजायचे. एक किलोमीटरच्या सुरुवातीला बटण दाबायचं, शेवटी पुन्हा दाबायचं. काटा 30 सेकंदांवर थांबला, तर त्याच्यासमोर 120 लिहिलेलं असतं. ताशी 120 किलोमीटर, गणित करायची गरज नाही. हे आकडे तबकडीवरून काढून बाहेरच्या कड्यावर नेणं, हीच तेव्हाची नवी गोष्ट होती.

आतलं यंत्र तर त्याहून जुनं. कॅलिबर 321 म्हणून जाणकार ज्याचं नाव आदराने घेतात, ते लेमानिया कंपनीत अल्बर्ट पिगे यांनी 1942 च्या सुमारास घडवलेल्या रचनेवर बेतलेलं आहे. दुरुस्तीला आलेलं असं एक यंत्र मी एका घड्याळजींच्या टेबलावर उघडलेलं पाहिलं आहे. बुरुजासारखे छोटे खांब असलेलं एक चाक असतं. बटण दाबलं की ते एक घर पुढे सरकतं, तरफेचं टोक दोन खांबांमधल्या फटीत पडतं आणि फिरतं चाक सेकंदकाट्याच्या चाकाला येऊन भिडतं. सगळं डोळ्यांना दिसतं. 1968 पासून त्याची जागा 861 या नव्या यंत्राने घेतली, त्यात हे खांबांचं चाक नाही. यंत्र म्हणून तेही उत्तम, पण 321 साठी लोक का झुरतात ते एकदा पाहिल्यावर कळतं.

अंतराळात ते पहिल्यांदा गेलं तेही नासाच्या हुकुमाने नव्हे. अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी 3 ऑक्टोबर 1962 च्या मर्क्युरी उड्डाणात स्वतःच्या पैशांनी घेतलेलं स्पीडमास्टर नेलं होतं. आणि त्याच वर्षी मे महिन्यात अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर ब्राइटलिंग कंपनीचा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, घालून गेले होते, तेव्हा ‘पहिलं’ हा मानही याचा नाही.

दुकानातल्या गुप्त खरेदीची गोष्ट रंगतदार आहे, पण खरी प्रक्रिया सरकारी होती. 1964 मध्ये नासाचे अभियंता जेम्स रॅगन यांनी कंपन्यांकडून रीतसर घड्याळं मागवली. चार कंपन्यांनी प्रतिसाद दिला. त्यातल्या हॅमिल्टनने खिशातलं घड्याळ पाठवलं, ते बाद झालं. उरलेली तीन म्हणजे ओमेगा, रोलेक्स आणि लाँजिन. मग छळ सुरू झाला. 71 अंश सेल्सियसला 48 तास, लगेच 93 अंशांना अर्धा तास. उणे 18 अंशांची थंडी. 95 टक्के आर्द्रतेत 240 तास. गुरुत्वाच्या 40 पट जोराचे सहा धक्के. निर्वात, कंपन, 130 डेसिबलचा आवाज. रोलेक्स आर्द्रतेत बंद पडलं आणि उष्णतेत त्याचा काटा वाकून दुसऱ्या काट्यांना अडकला. लाँजिनची काच उष्णतेने वाकून निघाली. स्पीडमास्टरही वेळेत मागेपुढे झालं, पण चालत राहिलं. 1 मार्च 1965 रोजी त्याला मान्यता मिळाली. कुणीही दुकानात जाऊन घेऊ शकेल असं घड्याळ या सगळ्यातून पार पडलं, यातच त्याची थोरवी आहे. खास बनवलेलं टिकलं असतं तर त्यात नवल काय?

ऑटोमॅटिकचा मुद्दा लगेच निकालात निघतो. त्यातलं वजन हाताच्या हालचालीने, जडत्वामुळे फिरतं. त्यासाठी गुरुत्व असायलाच हवं असं नाही. अंतराळवीर विल्यम पोग यांनी नोव्हेंबर 1973 मध्ये सुरू झालेल्या स्कायलॅब 4 या अंतराळस्थानकावरच्या मोहिमेत सेको कंपनीचं पिवळ्या तबकडीचं घड्याळ नेलं होतं, आणि ते ऑटोमॅटिकच होतं. 84 दिवसांच्या त्या मोहिमेत ते चाललं.

अपोलो 13 बद्दल मात्र मजकुरात अर्धं सत्य आहे. एप्रिल 1970 मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर वीज वाचवण्यासाठी यंत्रणा बंद केल्या गेल्या, आणि परतीच्या वाटेवर मार्ग सुधारताना इंजिन 14 सेकंद चालवायचं होतं, ती वेळ तिघांपैकी जॅक स्विगर्ट यांनी स्पीडमास्टर लावून मोजली. हे खरं. पण चंद्राला वळसा घातल्यानंतरचं चार मिनिटांहून मोठं इंजिन-प्रज्वलन संगणकाच्या आधारेच झालं होतं, आणि त्या 14 सेकंदांत उरलेले दोघं, लव्हेल व हेज, यान हाताने सांभाळत होते. ह्यूस्टनमध्ये शेकडो माणसं रात्रंदिवस हिशेब करत बसली होती. सगळं श्रेय घड्याळाला दिलं, तर या माणसांवर अन्याय होतो.

राहिला आर्मस्ट्राँगचा प्रश्न. 21 जुलै 1969 रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार, त्यांनी चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा त्यांचं घड्याळ मनगटावर नव्हतं. चंद्रावर उतरलेल्या ईगल यानातलं इलेक्ट्रॉनिक घड्याळ बिघडलं होतं, म्हणून त्यांनी आपलं स्पीडमास्टर आतच ठेवलं. चंद्राच्या मातीवर वावरलेलं पहिलं स्पीडमास्टर त्यांचे सहकारी बझ ऑल्ड्रिन यांचं. आर्मस्ट्राँगचं आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ऑल्ड्रिन यांचंही तिथेच जायचं होतं. पण पाठवणीच्या वाटेत ते हरवलं, ते अजून सापडलेलं नाही.