जाड तेल घाला आणि शोरूमला सांगू नका? दोन्ही करू नका

साताऱ्यापासून कराडपर्यंतच्या दुचाकीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय की इंजिनातलं तेल काळं पडलं की ते मेलं, लगेच बदला. तेलात पांढरा फेस दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची सीलबंद पट्टी) गेलं, इंजिन संपलं. तेल कमी होत असेल तर २०डब्ल्यू-५० हे जाड तेल घाला, थांबतं. शोरूमला मात्र कळू देऊ नका, कारण तेल वॉरंटीत येत नाही, ते तुमचीच चूक काढतील. आणि ग्राहक कोर्टात जायचं तर कंपनीच्या गावी वकील लावावा लागतो.

हा मेसेज ऐकून तेल बदलणारा, जाड तेल ओतणारा आणि गप्प बसणारा माणूस स्वतःच्या हाताने पुरावा पुसतो. दोष वाढून उघडा पडतो तोवर वॉरंटीची मुदत उलटलेली असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

काळ्या रंगाचं आधी उरकतो. तेलातली डिटर्जंट द्रव्यं काजळी सुटवतात आणि ती तेलातच तरंगत ठेवतात. साबणाचं पाणी काळं झालं म्हणजे साबणाने काम केलं, तसंच हे. तेल बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा महिन्यांना, जे आधी येईल तेव्हा. काळजी करायची ती दुसऱ्याच खुणांची. डिपस्टिकला (तेल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतोय आणि तेलाची पातळी न घालता वाढलीय, तर पेट्रोल इंजिनात उतरतंय. पहिल्या सर्व्हिसिंगनंतरही काढलेल्या तेलात धातूची चमक दिसत असेल, तर ते तेल स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. फेकू नका.

पांढऱ्या फेसाबद्दल मेसेजने लोकांना फुकट घाबरवलंय. आपल्याकडच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या हवेवर थंड होतात. त्यांत कूलंटच (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) नसतो, मग गॅस्केटमधून तो तेलात येणार कुठून? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जावळीत, पाटणला पावसाळाभर हवा ओलीच असते. अशा हवेत गाडी रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होत असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि झाकणाच्या आत फेस धरतो. एकदा सलग पंचवीस-तीस किलोमीटर चालवा. फेस फक्त झाकणाला होता आणि खालचं तेल स्वच्छ असेल तर विषय संपला. पण सगळंच तेल दुधाळ असेल तर गाडी चालवू नका. कूलंटवाल्या गाडीत कूलंटची पातळीही उतरत असेल, तर वॉटर पंपचा सील किंवा गॅस्केट तपासायला थेट शोरूमला न्या. मुदतीत असाल तर ही तक्रार वॉरंटीकडेच जायला हवी.

पुरात बुडालेल्या गाडीचं वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. हे नुकसान वॉरंटीत येत नाही, ते विम्याचं काम. तोही नुसता थर्ड पार्टी असेल तर उपयोग नाही. आणि बुडालेल्या गाडीला किक मारू नका. पाणी भरलेलं इंजिन फिरवल्याने आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि ‘हे नुकसान नंतर झालं’ म्हणून विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आता खरा घातक सल्ला. ‘तेल कमी होतंय तर जाड घाला.’

आधी तेल खरंच कमी होतंय का हे बघा. साइड स्टँडवर तिरक्या उभ्या गाडीची पातळी चुकीची दिसते. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि मग पुस्तिकेत सांगितलंय तसंच बघा. कित्येक गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. फिरवली तर पातळी जास्त दिसते. वरच्या खुणेपर्यंत तेल भरा, किलोमीटर लिहा, मोबाइलवर फोटो काढा. पाचशे किलोमीटरनंतर तसंच बघा आणि परत खुणेवर यायला किती मिली लागलं ते मोजून लिहा. थोडं तेल प्रत्येक इंजिन जाळतं. किती चालतं याची मर्यादा काही कंपन्या छापतात. तुमच्या पुस्तिकेत नसेल तर शोरूमकडून लेखी मागा.

मग तेल जातंय कुठे? गळत असेल तर इंजिन धुऊन, वाळवून त्यावर पावडर मारा आणि चालवा. ओलं होईल ती जागा सापडली. गळत नसेल तर धूर बघा. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबतो तेव्हा संशय व्हॉल्व्ह सीलवर. खंबाटकीचा घाट चढताना, ॲक्सिलरेटर पिळल्यावर निळा येतो तेव्हा पिस्टनच्या रिंगांवर. काळा धूर पेट्रोलचा, त्याचा तेलाशी संबंध नाही. माण-खटावच्या मंडळींनी एअर फिल्टर आधी उघडावा. तिकडची धूळ फाटक्या फिल्टरमधून आत गेली की रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) घासतात. अशा वेळी कंपनी वॉरंटी नाकारते आणि तो नकार चुकीचा म्हणता येत नाही.

जाड तेल यातलं काहीच दुरुस्त करत नाही. घासलेल्या रिंगेवरून ते जरा कमी वर चढतं, त्यामुळे धूर काही महिने लपतो. १०डब्ल्यू-३० या पातळ तेलासाठी बनवलेल्या इंजिनात गार सकाळी ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते. ज्या गाडीला कंपनीनेच २०डब्ल्यू-५० सांगितलंय तिची गोष्ट वेगळी. काही जण मोटारीचं तेल ओततात. मोटरसायकलचा क्लच तेलातच बुडलेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (दुचाकीच्या तेलाची मानकं) हवं, नाहीतर क्लच घसरू शकतो. यातलं काहीही केलंत की कंपनीला नकार द्यायला कारण तुम्हीच दिलंत.

‘तेल वॉरंटीत येत नाही’ हे वाक्य अर्धंच आहे. तेल, फिल्टर, ब्रेक शू हे झिजणारे भाग वगळलेले असतात. पण तेल ज्या दोषामुळे जातंय तो रिंगांचा, बोअरचा, केसिंगचा उत्पादनदोष वगळलेला नसतो. म्हणून जॉबकार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘५०० किलोमीटरला अमुक मिली तेल कमी होतं, गळती नाही’ असं लिहून घ्या आणि प्रत घेऊनच बाहेर पडा. कॉम्प्रेशन तपासायला सांगा. तेलाच्या झाकणाला सील लावून तेलाच्या खपाची चाचणी मागा. उत्तर आलं नाही तर कंपनीला चासी नंबरसह ईमेल करा. तक्रार मुदतीत नोंदली गेली पाहिजे, दुरुस्तीला मग कितीही वेळ लागो.

याच्या उलट ‘बाहेर सर्व्हिसिंग केलं तरी वॉरंटी जात नाही, कायदाच आहे’ असंही कोणीतरी पाठवतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात तशा अर्थाचा निर्देश होता, पण त्या मोटारींच्या कंपन्या होत्या. दुचाकीच्या भरवशाला तो पुरणार नाही. मुदत संपेपर्यंत अधिकृत ठिकाणीच जा आणि बिलं जपा.

राहिला ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी चेन्नईची असली तरी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, वकिलाची सक्ती नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघा, पण फोनाफोनीत कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत घालवू नका. वेळ लागतो हे खरं, आणि बऱ्याच तक्रारी कमकुवत पडतात त्या दोष तज्ज्ञाकडून सिद्ध न केल्याने. कलम ३८ मध्ये वस्तू प्रयोगशाळेत तपासायची सोय आहे, तो अर्ज तक्रारीसोबतच द्या. मागणीत आधी मोफत दुरुस्ती मागा, ती न झाल्यास इंजिन बदल, आणि तेही न झाल्यास पैसे परत, असं क्रमाने लिहा.