वाळवंटातल्या शहराला पाणी कुठून येते, हे कोणी विचारायचेच नाही का?

आम्ही चौघे मिळून एक कल्पित जग रचत आहोत. प्रत्येकाने आपापल्या भागाची कथा लिहायची आणि नकाशा, इतिहास, चलन, जादूचे नियम सर्वांचे एकच ठेवायचे, असे ठरले होते. माझ्या वाट्याला समुद्रापलीकडच्या साम्राज्याने वाळवंटात वसवलेले शहर आले. त्या शहराच्या पाण्याची व्यवस्था मी अकरा पानांत लिहिली होती. गेल्या आठवड्यात सामायिक मसुदा उघडला, तेव्हा ती अकरा पाने गायब होती आणि त्यांच्या जागी एकच वाक्य होते: ‘शहराच्या मध्यभागी असलेल्या जादुई झऱ्यातून सर्वांना मुबलक पाणी मिळते.’ मी जाब विचारला, तर उत्तर मिळाले, ‘अरे, जादू आहे ना, मग पाणी कशाला मोजत बसतोस?’

या उत्तराचा मला मनस्वी संताप आला आहे आणि तो केवळ माझी पाने गेली म्हणून नाही. वाळवंटातले वसाहतीचे शहर रचताना पाणीच काढून टाकले, तर उरते काय? पिवळी वाळू, पांढरे घुमट, उंटांची रांग, तोंडावर फडके बांधलेले लुटारू आणि गच्चीवर पेय घेत बसलेला परका अधिकारी. हे रंगमंचावरचे पडदे झाले, शहर नव्हे. शहर म्हणजे रोज सकाळी हजारो माणसांना तहान लागते, ही गोष्ट; आणि वसाहत म्हणजे ती तहान कोणाच्या परवानगीने भागते, ही गोष्ट. ‘सर्वांना मुबलक’ या दोन शब्दांनी त्या दोन्ही गोष्टी एका फटक्यात पुसून टाकल्या.

साधे गणित मांडून पाहा. आमच्या शहराची वस्ती वीस हजार ठरली आहे. पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता यांसाठी माणशी दिवसाला 20 लिटर धरले, तरी रोज चार लाख लिटर पाणी लागते. एका उंटावर दीडशे लिटर पाणी लादता येईल असे मानले, तर रोज सुमारे 2,670 भरलेले उंट वेशीवर पोहोचायला हवेत. विहीर एका दिवसाच्या वाटेवर असेल, तर जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन दिवस धरून 5,300 हून अधिक उंट सतत वाटेवर राहतील. त्यांचा चारा, त्यांचे हाकणारे आणि त्या उंटांचे स्वतःचे पाणी मी अजून धरलेलेच नाही. म्हणजे उंटांवर हे शहर जगूच शकत नाही. त्याला भूमिगत पाट, जहाज, नळ किंवा जादू यांपैकी काहीतरी हवेच. जादूला माझा विरोध कधीच नव्हता. पण जी गोष्ट पाच हजार उंटांचे काम करते, तिच्यावर कोणाचा तरी ताबा असणारच, तिला पहारा असणारच आणि तिची किंमत कोणीतरी चुकवणारच. ते कोण, हे सांगण्यासाठीच माझी अकरा पाने होती.

प्रत्यक्ष इतिहासात हे सगळे घडून गेले आहे, म्हणून तर मला अधिक चीड येते. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1892 साली कूलगार्डी येथे आणि पुढच्याच वर्षी कलगुर्ली येथे सोने सापडले आणि जिथे गोड्या पाण्याचा पत्ता नाही, अशा रखरखीत प्रदेशात माणसांची रीघ लागली. खारे पाणी उकळून त्याची वाफ थंड करायची आणि ते पाणी विकायचे, हा तिथला धंदा झाला. त्या भट्ट्यांसाठी आसपासची झाडे तोडली गेली. शेवटी किनाऱ्याजवळच्या धरणातून सुमारे 530 किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकली गेली, वाटेत पाणी पुढे ढकलणारी आठ पंपगृहे बांधली गेली आणि 1903 साली पाणी कलगुर्लीला पोहोचले. सोने होते म्हणून हा खर्च झाला. सोने नसते, तर तिथे कोणी एक वीटही ठेवली नसती. आमच्या मसुद्यात मात्र साम्राज्य एवढ्या लांबून वाळवंटात कशासाठी आले, याचे कारण आजही लिहिलेले नाही. ते कारण ठरले पाहिजे, असे मी सुरुवातीपासून तीनदा सुचवले आणि तिन्ही वेळा ‘नंतर बघू’ असे ऐकून घेतले.

त्याच ऑस्ट्रेलियातली दुसरी एक गोष्ट मला झोपू देत नाही. 1896 साली डेव्हिड कार्नेगी नावाचा शोधप्रवासी तिथले वाळवंट ओलांडायला निघाला. पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तिथल्या मूळ रहिवाशांना ठाऊक होते. त्याने त्यांना पकडले, बांधून ठेवले आणि तहान लागून ते आपल्या पाणवठ्याकडे घेऊन जावेत म्हणून त्यांना खारवलेले मांस खायला घातले. हे त्याने स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. वसाहत म्हणजे नेमके काय, हे यापेक्षा स्पष्ट मला कुठेच दिसलेले नाही: ज्ञान एकाचे, तहान त्याच्याच शरीरात पेरायची आणि झरा मिळाला की नकाशावर नाव दुसऱ्याचे. आमच्या मसुद्यातला तो ‘मध्यभागी असलेला जादुई झरा’ साम्राज्य येण्यापूर्वी कोणाचा होता? त्याचे नाव काय होते? तो सापडला, की दाखवायला लावला? एकाही ओळीत याचे उत्तर नाही आणि हे प्रश्न म्हणजे कथेला अडथळा आहे, असे मला सांगितले जाते. अहो, हीच कथा आहे!

स्थानिक लोकांच्या चित्रणाबद्दल तर बोलायलाच नको, इतके ते लाजिरवाणे झाले आहे. आमच्या वाळवंटातला स्थानिक माणूस एक तर भविष्य सांगणारा वृद्ध असतो, नाही तर सुरा उपसणारा लुटारू. पाण्याचा हिशेब ठेवणारा कोणी नाही, दुभाषा नाही, साम्राज्याच्या कचेरीत कारकुनी करून घरी शिव्या खाणारा तरुण नाही, तांड्याचा म्होरक्या नाही. वास्तविक वाळवंटातल्या लोकांइतके काटेकोर नियम फार थोड्यांनी केले असतील. इराणातल्या कनात नावाच्या भूमिगत कालव्यांमधून डोंगराच्या पायथ्याचे पाणी मैलोन्‌मैल केवळ उताराच्या बळावर वाहते आणि जमिनीखालून जात असल्याने फारसे वाफेतही जात नाही. ओमानमध्ये अशाच पाटांचे पाणी वेळ मोजून वाटले जाते. कोणाची पाळी किती वेळ, हे दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ठरवण्याची रीत तिथे होती. आकाशाकडे पाहून शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडणारा माणूस तुमच्या हाती आयता असताना तुम्ही पुन्हा एकदा लुटारूच लिहिता, याला मी आळस म्हणतो. अशा गावात साम्राज्याचा अधिकारी घड्याळ घेऊन येतो आणि यापुढे पाळी याच्यावर मोजायची, असा हुकूम काढतो, तेव्हा काय होईल, याचा नुसता विचार करून पाहा. माझ्या अकरांपैकी चार पाने या एका हुकुमावर होती.

इमारतींचेही तेच. जुन्या वाळवंटी वस्त्यांत गल्ल्या अरुंद असतात, कारण भिंतींची सावली एकमेकींवर पडावी लागते. मातीच्या भिंती जाड असतात, कारण दिवसाचे ऊन आत पोहोचायला उशीर लागावा आणि रात्रीच्या थंडीत त्याची ऊब मिळावी. परके राज्यकर्ते आले की रुंद, सरळ रस्ते आखतात, कारण त्यांना तोफ आणि फौज नेता यावी लागते. मोरोक्कोत फ्रेंचांनी 1912 नंतर जुनी शहरे तशीच ठेवून त्यांच्या बाहेर आपल्यासाठी नवी शहरे वसवली. संरक्षणाच्या नावाखाली केलेली ती विभागणीच होती. आमच्या नकाशात राजवाडा, बाजार आणि ‘गरीब वस्ती’ आहे. दोन शहरांच्या मधली मोकळी जागा नाही, चौकी नाही आणि संध्याकाळी कोणी कोणत्या बाजूला परतायचे, याचा नियम नाही.

आणि ही शहरे मरतात, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिबच्या वाळवंटात 1908 साली रेल्वेवर काम करणाऱ्या झकेरियास लेवाला या मजुराला हिरा सापडला आणि तिथे तेव्हा राज्य करणाऱ्या जर्मनांनी कोलमान्सकोप हे शहर उभारले. भर वाळूत बर्फाचा कारखाना आला, नाचाचा दिवाणखाना आला, क्ष-किरण यंत्र असलेले रुग्णालय आले. त्याच्या अगदी आधीची वर्षे म्हणजे तिथल्या हेरेरो आणि नामा या मूळ लोकांच्या जर्मनांनी केलेल्या संहाराची. जवळच्याच ल्यूडरिट्झ बंदरातल्या शार्क बेटावर या लोकांना डांबणारी छळछावणी होती आणि तिथल्या कैद्यांना त्या भागातल्या रेल्वेच्या कामावर राबवले गेले. हिरे दक्षिणेकडे अधिक मिळू लागल्यावर कोलमान्सकोप ओस पडत गेले आणि 1956 पर्यंत तिथे कोणीही उरले नाही. आज त्या घरांत खिडक्यांच्या उंचीपर्यंत वाळू आहे. बर्फाचा कारखाना आणि छावणी एकाच भूप्रदेशात, एकाच पिढीत! हे ज्याने वाचले आहे, त्याला ‘सर्वांना मुबलक’ असे लिहिताना हात कसा धजावतो?

मी ती अकरा पाने जुन्या प्रतीतून शोधून काढली आहेत आणि आज रात्री मसुद्यात जशीच्या तशी परत ठेवणार आहे. झरा हवा असेल तर राहू दे, मी तो काढणार नाही. पण त्याच्याभोवती तट येईल, तटाला एकच दार येईल आणि त्या दाराशी परक्या लिपीतले पाण्याचे परवाने वाचून दाखवणारी एक स्थानिक बाई बसेल. तिच्या आजीने त्या झऱ्याला दिलेले नाव शहरात आता तिला एकटीलाच ठाऊक आहे. तिला कोणी खोडून दाखवावे.