‘रोज थोडा वेळ ग्लोव्हज घाला, सवय होईल’: हा सल्ला कृपया पाळू नका

लॅटेक्सच्या, म्हणजे ग्लोव्हजमधल्या रबराच्या चिकाच्या ॲलर्जीवरचा एक मेसेज सध्या नर्सिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ही ॲलर्जी म्हणजे उंदरांवरच्या प्रयोगांतून उभी केलेली भीती, रबराचा चीक नैसर्गिक, म्हणून निर्धोक, फार तर हाताला खाज येते, छातीशी संबंध नाही, ग्लोव्हजमधली पावडर म्हणजे नुसता मक्याचा स्टार्च, आणि त्रास झालाच तर रोज थोडा वेळ ग्लोव्हज घालून शरीराला सवय लावावी. माझी मामेबहीण ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. ग्लोव्हज घातले की तिच्या हातावर गांधी उठतात, हल्ली शिंकाही सुरू झाल्यात. तिनं हाच मेसेज पाठवून विचारलं, “दादा, करून बघू का?”

नाही. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, पण हा सवयीचा मुद्दा जीव घेऊ शकतो. रबराच्या चिकातल्या प्रथिनांविरुद्ध शरीर आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. संपर्क जितका वारंवार, तितकी ती तयार होण्याची शक्यता जास्त. स्पायना बायफिडा हा पाठीच्या कण्याचा दोष घेऊन जन्मलेल्या मुलांची तान्हेपणापासून अनेक ऑपरेशनं होतात, पुन्हा पुन्हा कॅथेटर (लघवीची नळी) घालावे लागतात, म्हणजे रबराशी संपर्क सतत येतो. सवयीनं ॲलर्जी जात असती, तर या मुलांना ती सर्वांत कमी असती. प्रत्यक्षात ती त्यांच्यातच सर्वाधिक आढळते.

आणि ज्या उंदरांची मेसेजमध्ये टिंगल केलीय, त्यांनीच हे उलगडून दाखवलं. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेतल्या संशोधकांचा 2000 साली ‘टॉक्सिकॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये आलेला अभ्यास पाहा. त्यांनी लॅटेक्सची प्रथिनं उंदरांना वेगवेगळ्या वाटांनी दिली: कातडीखाली, कातडीवर, नाकातून, श्वासनलिकेतून. नुसती कातडीवर लावूनही आयजीई वाढलं. म्हणजे हाताला लागणारी गोष्ट हातापुरती राहत नाही. माणसाला मुद्दाम ॲलर्जी लावून हे तपासता येईल का? म्हणूनच प्राण्यांवरचे प्रयोग लागतात. अशा प्रयोगांत उंदरांच्या फुप्फुसांत इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि मेथाकोलिन हे श्वासनलिका आवळणारं रसायन हुंगवलं की श्वासनलिका प्रमाणाबाहेर आवळतात. दमेकऱ्याची तपासणीही मेथाकोलिननंच करतात.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मात्र मान्य. उंदराला आपणहून दमा होत नाही, तो घडवावा लागतो. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जिवावर बेतणारा झटकासुद्धा त्याच्यात आयजीईशिवाय दुसऱ्या वाटेनं होऊ शकतो. त्यामुळे उंदरावर चाललेलं औषध माणसावर चालेलच असं नाही. पण इथं प्रश्न औषधाचा नाही. ॲलर्जी कोणत्या वाटेनं शिरते, एवढाच आहे. आणि हो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून-मापून लॅटेक्सचा अर्क जिभेखाली देण्याचे उपचार युरोपात झालेत. घरी बसून ग्लोव्हज घालणं म्हणजे ते नव्हे.

पावडरचं म्हणाल, तर स्टार्च निर्दोष असेल, पण लॅटेक्सची प्रथिनं त्याला चिकटतात आणि ग्लोव्हज ओढून काढताना हवेत उडतात. छातीशी संबंध येतो तो इथं. जर्मनीत 1990च्या दशकाच्या अखेरीस पावडरचे लॅटेक्स ग्लोव्हज हटवल्यावर आरोग्य-कर्मचाऱ्यांमधल्या या ॲलर्जीच्या नव्या केसेस झपाट्यानं घटल्या. अमेरिकेत जानेवारी 2017 पासून पावडरच्या वैद्यकीय ग्लोव्हजवर बंदीच आहे. ती माणसांचे अनुभव पाहून आली.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ यावर काय बोलायचं? बिब्बाही नैसर्गिकच आहे.

ग्लोव्हजनं होणारी प्रत्येक खाज ॲलर्जी नसते, हे खरं. घामानं, साबणानं, रबरातल्या रसायनांनीही हात लाल होतात. पण काही मिनिटांत गांधी, वर शिंका, हे लक्षण वेगळं आहे. बहिणीला मी सांगितलंय: ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाऊन तपासणी करून घे, तोवर नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) ग्लोव्हज वापर, केळं किंवा किवी खाल्ल्यावर तोंड खाजतं का ते डॉक्टरांना सांग, कारण लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना या फळांचाही त्रास होऊ शकतो. स्वतःचं कुठलंही ऑपरेशन किंवा दातांचं काम असेल तर लॅटेक्सचा त्रास आधी कळव. आणि थिएटरमधल्या इतरांचे पावडरचे ग्लोव्हज बदलून घ्यायला इन्चार्ज सिस्टरशी बोल, कारण तू एकटीनं नायट्राइल घालून हवेतली पावडर थांबणार नाही.