‘राखेचं सिमेंट कच्चं असतं’ म्हणणाऱ्यांना साइटवरून उत्तर

घर बांधायला काढलेल्या ओळखीच्या तिघांनी मला एकच मेसेज पाठवला: ‘राखेचं सिमेंट कच्चं, ५३ ग्रेडचं साधं सिमेंटच घ्या. ऊर्जाबचतीचे नियम एसी ऑफिसांसाठी असतात. हरित बांधकाम म्हणजे खर्च वाढवायचे धंदे.’ बांधकामावर देखरेख हेच माझं काम, म्हणून लिहितोय.

आधी सिमेंट. राखेचं सिमेंट म्हणजे पीपीसी, पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. वीज केंद्रात कोळसा जळून उरलेली ही राख भेसळ नाही, भारतीय मानकातच तसं लिहिलंय. चुनखडी भाजून क्लिंकर (दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे) करताना भट्टीच्या धुराखेरीज खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. क्लिंकरच्या जागी राख आली की तेवढा वाचतो. शिवाय ही राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याला बांधून घेते, काँक्रीट घट्ट होतं आणि कोकणपट्टीत खारं पाणी सळईपर्यंत सहजी पोचत नाही. ताकद मात्र सावकाश येते, हे खरं. म्हणूनच काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगतं आणि पीपीसीला १०. उन्हाळ्यात कोरड्या हवेत १४. साइटवर चौथ्या दिवशी कॉलमचं गोणपाट कडकडीत वाळलेलं असतं. पुढे नखाने पूड निघते आणि बोल लागतो सिमेंटला.

२००७ ची ईसीबीसी, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीची संहिता, व्यापारी इमारतींचीच होती, कबूल. पण घरांसाठी २०१८ साली इको निवास संहिता आली, आणि तिचा भर भिंत, छत नि खिडकीवर आहे. मुंबईसारख्या दमट हवेत खिडक्या आणि बाहेर उघडणारी दारं मिळून चटईक्षेत्राच्या सहाव्या हिश्शाएवढी जागा उघडली पाहिजे. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची जवळजवळ पूर्ण. लहान प्लॉटवरच्या घराला संहितेची सक्ती नाही, पण वाऱ्याचा हिशेब तोच.

राहिला खर्च. दुहेरी काच महाग पडते, आणि काचेचे टॉवर ‘ग्रीन’ म्हणून विकले जातात याची मलाही चीड येते. पण पश्चिमेच्या खिडकीवर पुरेसा छज्जा नकाशातच काढला तर कितीसा खर्च वाढतो? वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बाँड या वीटकामात विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि ती पोकळी ऊन अडवते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मे महिन्यात रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावून पाहावा. दिवसभराचं ऊन तेव्हाही हाताला लागतं. उघड्या स्लॅबवर कोबा आणि वर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) हे आपल्या गवंड्यांना नवीन नाही. गळतीसाठी करतोच, त्यात रंग तेवढा पांढरा धरा.