दूध पुरतं ना गो?

आज सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा. आधी शेजारच्या काकी, मग म्हापशाहून आलेल्या मामेसासूबाई आणि आत्ता दारावर आलेली भाजीवालीसुद्धा! बाळ रडलं की निदान ठरलेलं: आईला दूध कमी. अहो, सव्वा महिन्याचं पोर ते, रडणारच. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं, ६ च्या वर लंगोट ओले करतं, वजन वाढतंय. अजून कसली पावती देऊ? बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, इतकं साधं आहे ते. नाचणीचं तिझन, अळिवाची खीर, सगळं मुकाट्याने गिळते मी (खीर आवडते, खोटं कशाला बोलू). पण रात्री ३ वाजता बाहेर पाऊस कोसळत असतो, छातीशी पोर आणि डोळ्यांना धारा, तेव्हा ‘तू झोपलीस का गो?’ असं विचारायला कुणी नसतं.

सारखं रडू येतं म्हटलं तर, ‘आम्ही नाही का चार पोरं वाढवली!’ वाढवली हो. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. माझं नाही ओसरलं. शेवटी न्हाणीघराचं दार लावून मीच १४४१६ ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी दुधाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आधी विचारलं, झोप किती होते?

बाहेर येते तर मामेसासूबाई हातात पावडरीचा डबा घेऊन उभ्या.