डुकाटीच्या ड्राय क्लचमध्ये ऑइल टाकू नका!!

परवापासून एक मेसेज फिरतोय, जुन्या डुकाटी बाइकचा क्लच खडखड करत असेल तर कव्हरमधून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, आवाज बंद. प्लीज नका करू असलं काही. डुकाटीच्या ९१६ किंवा मॉन्स्टर ९०० या मॉडेलचा क्लच ड्राय असतो म्हणजे प्लेटी ऑइलमध्ये बुडालेल्या नसतात, त्या कोरड्या घासूनच पकड घेतात, ऑइल लागलं की क्लच स्लिप होणार, आरपीएम वाढेल पण गाडी पळणार नाही. माझ्या ९६ च्या मॉन्स्टरमध्ये एकदा सील लीक होऊन हेच झालं, सगळ्या फ्रिक्शन प्लेटी बदलाव्या लागल्या (खिसा रिकामा, दुसरं काय).

आणि तो आवाज नॉर्मलच आहे, क्लच लिव्हर दाबलं की प्लेटी मोकळ्या होतात आणि त्यांचे कान (कडेला बाहेर आलेली टोकं) बास्केटच्या, म्हणजे प्लेटी ज्यात बसतात त्या डब्याच्या, खाचांमध्ये आपटतात. लिव्हर सोडल्यावर आवाज कमी होतो ना, मग घाबरू नका. फारच वाढला असेल तर कव्हर उघडून खाचांच्या कडा बोटाने बघा, खड्डे पडले असतील तर बास्केट बदलायला आलं. मॉन्स्टर ६०० चा क्लच मुळात ओलाच, त्याला हे लागूच नाही.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी डिलीट करा आणि हे टाका.