तिसऱ्या सिलिंडरचा ठेका

परवा चोडणच्या फेरीबोटीवर गाडी चढवली, तर बोटीवरच्या माणसाने माझ्याऐवजी बॉनेटकडे बघून सांगितलं, "बंद कर ती, बाब. नदीतलं नुस्तं घाबरेल." नुस्तं म्हणजे मासळी. मागचे स्कूटरवाले खिदळले. बोटीवर इंजिन बंदच करायचं असतं, ते मीही करणारच होतो. पण सांगायची काही रीत असते की नाही?

गाडी मारुती 800, 1997ची, कार्बोरेटरवाली. हिचा आवाज म्हणजे टक्-टक्-टक्. गाडी उभी असताना ठळक, वेग घेतला की बारीक होऊन वाऱ्यात मिसळणारा. असा आवाज आला की गोव्यातल्या कुठल्याही माणसाला ताबडतोब मत असतं. शेजारी म्हणाला, "विकून टाक." मेहुणा म्हणाला, "विकून टाक." बँकेतल्या ओळखीच्या कॅशिअरने मी न विचारताच "किती येतील रे तिचे?" केलं. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन मी हिची नोंदणी वाढवून घेतो, हे यांना आधी दुःख. त्यात आता ती वाजते.

शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये एक पोरगा स्कॅनर घेऊन आला आणि तो लावायची जागा शोधत डॅशबोर्डखाली बराच वेळ आडवा पडून राहिला. या गाडीत ती जागा नसतेच. बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "इंजिन उतरवावं लागेल, सर." टक्-टक् ऐकायला त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून मी माशेलच्या बाजूला माझ्या जुन्या मेस्त्रीकडे गेलो. हा माणूस लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतो. त्याने एकेका प्लगची वायर काढून बघितली. आवाज बदलला नाही. म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग नाही. ते असतं तर त्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर ठोका हलका पडला असता. एक्झॉस्टचं गॅस्केट फुंकत असतं तरी फरक जाणवला असता, आणि ते इंजिन तापल्यावर बहुधा गप्प होतं. "टॅपेट, पात्रांव," तो म्हणाला. म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरचा स्क्रू यांच्यातली फट वाढलेली. "वाजणारा टॅपेट बरा. गॅप फार कमी झाली की टॅपेट वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो." मला बरं वाटलं. या महिन्यात माझ्या गाडीबद्दल कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

मग त्याने कव्हर उघडलं, फट मापायच्या फीलर गेजची पाती सरकवली, लॉकनट आवळले. गाडी सुरू केली. टक्-टक्. पुन्हा उघडलं, पुन्हा मापलं, पुन्हा टक्-टक्. मी म्हणत होतो, "मेस्त्री, माप बरोबर येतंय आणि आवाज जात नाही, म्हणजे मापणंच फसतंय. स्क्रूचं टोक बघ." त्याने "होय, होय" म्हणून मला खुर्ची दिली.

खुर्चीशेजारी बाकावर एक बुवा बसले होते. धोतर, कपाळाला बुक्का, मांडीवर पेपर, आणि पेपरवर बोटं. गावोगावच्या सप्ताहांत तबल्याची साथ करणारे. मला त्यांनी पहिलं वाक्य ऐकवलं ते, "वास्कोच्या सप्ताहात पहाटेच्या भजनाचा पार आपण वाजवलेला आहे." त्याचा माझ्या गाडीशी काय संबंध, ते मला पुढच्या अर्ध्या तासात कळणार होतं.

"सहा व्हॉल्व्ह ना?" बुवांनी विचारलं. "तीन सिलिंडर, दोन दोन." मेस्त्री म्हणाला, "होय बुवा." "म्हणजे सहा मात्रा. दादरा." बुवांनी डोळे मिटले. "धा धिं ना, धा तिं ना. शेवटचा ना बदसूर." मी म्हटलं, "बुवा, इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या घेतंय. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने फिरतो, म्हणजे मिनिटाला 400. एका मिनिटात दादऱ्याची 400 आवर्तनं! लयभास्कर म्हणून गाजलेले तालवादक खाप्रुमाम पर्वतकर असते तरी हात जोडले असते."

"खाप्रुमामांनी जोडले नसते," बुवा शांतपणे म्हणाले. "ते हातापायांनी वेगवेगळे ताल धरत." आणि पाय हलवून त्यांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. उजव्या पायाने एक, डाव्या हाताने दुसरा, तोंडाने तिसरा. पेपर खाली पडला. शेजारच्या सायकल दुकानातला माणूस, भाजीची पिशवी घेतलेली बाई, ट्रकचा क्लीनर, सगळे जमले. इंजिन वाजत होतं, बुवा वाजत होते आणि माझं पेट्रोल जळत होतं. मी उठून चावी फिरवायला गेलो, तर मेस्त्रीनेच मला हाताने थोपवलं. "थांब पात्रांव, बुवांचं होऊ दे!"

बुवांचं झालं. घाम पुसून म्हणाले, "बाबू, थाप बरोबर पडतेय, पण शाईत खड्डा आहे. जुन्या तबल्याची शाई मधे उडते ना, तसं. कड वाजते, मध्य पोकळ. तुझी ती पाती कडेवर टेकते, खड्डा तिला कळत नाही. तिसऱ्याचं बघ."

मेस्त्रीने क्षणात तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या रॉकरमधला स्क्रू काढला. टोकाला खरंच खळगा. गेजची सपाट पाती कडांवर टेकून बरोबर माप सांगत होती, आणि खरी फट मापापेक्षा कितीतरी मोठी होती. जमावाने बुवांना "वा!" दिली. क्लीनरने पायाला हात लावला. मी मघाशी हेच, शब्दशः हेच, तेही तबल्याविना सांगितलं होतं, याला साक्षीदार कोणी नाही. भाजीवाल्या बाईने ऐकलं असेल, पण ती बुवांकडेच बघत होती.

आणि हेच मला खुपतं. मी गाडी रोज चालवतो, तेल मी बदलतो, मॅन्युअल वाचतो, आणि मला खुर्ची मिळते. म्हापशाहून स्क्रू आणायलाही मलाच पाठवलं. एवढासा तुकडा. दुकानदार ड्रॉवर उपसत म्हणाला, "800 अजून चालवतो? ती 2014ला बंद झाली ना?" गाडी बंद झालेली नाही, कारखान्यातलं उत्पादन बंद झालं, हे मी त्यालाही सांगितलं. त्यानेही "होय, होय" केलं.

स्क्रू बसला, आवाज गेला. मेस्त्रीने बिल लिहिलं. मजुरी, कव्हरचं पॅकिंग, वर घातलेलं तेल, सगळं रास्त. खाली आणखी एक ओळ होती: चहा चार, मिरची भजी दोन प्लेट.

"हे काय?"

"बुवांचं, पात्रांव. आणि मंडळी होती ना."

मी म्हापशाला असताना खाल्लं होतं सगळ्यांनी. पैसे दिले. बुवांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "फोंड्याच्या दिशेने जाणार असशील ना? दोन डग्गे आहेत बरोबर."